गुपित घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं : कौटुंबिक चित्रपट करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीत कौटुंबिक चित्रपट लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या सर्व लेखक-दिग्दर्शकांना,

स. न. वि. वि.

मी दस्त लिहिते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोर, एका वकीलसाहेबांच्या हाताखाली १९९८ पासून बसते. आधी टाइपरायटर होता, आता संगणक आहे. मजकूर फारसा बदललेला नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्र. कोण कुणाचा कोण, कुणाला किती, कोण हयात, कोण मयत, हे दिवसभर लिहीत असते.

तुमचे चित्रपट मी मनापासून पाहते. कौटुंबिक म्हणून जो लागेल तो, शक्यतो थेटरात जाऊन, कारण आमच्याकडे मराठी चित्रपट आठवडाभरही धड टिकत नाही आणि तो टिकावा असं मला वाटतं. घराण्याचं ओझं आणि दडवलेला भूतकाळ हा विषय तुम्ही पुन्हा पुन्हा घेता. विषय आमचाच आहे. म्हणूनच तो चुकीच्या टोकाला धरला जातोय असं दिसलं की गप्प बसवत नाही.

साधारण असं होतं. वडील जातात. शहरातला मुलगा गावी येतो. मोठं जुनं घर, ओसरी, झोपाळा. माळ्यावर एक ट्रंक असते, ट्रंकेत चिठ्ठ्यांचा गठ्ठा नाहीतर एक फोटो. मध्यंतराच्या आधी कळतं की वडिलांचं आणखी एक घर होतं, किंवा थोरल्या काकांवर अन्याय झाला होता, किंवा आत्या पळून गेली नव्हती, तिला हाकललं होतं. मग भांडणं, रडणं, एक आजारपण, आणि शेवटी सगळे एका पंगतीत बसतात. मी रडते. माझ्या शेजारच्या बायकाही रडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडते, समोर खरी कुटुंबं येऊन बसतात, आणि रात्रीच्या चित्रपटातलं काहीही त्यांना लागू पडत नाही.

इतक्या वर्षांत ट्रंकेतल्या चिठ्ठीनं उलगडलेलं एकही गुपित माझ्यासमोर आलं नाही. गुपितं पुष्कळ आली. पण ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. शेजारणीला ठाऊक होती, पोस्टमनला ठाऊक होती, गिरणीवर दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना ठाऊक होती. ती बोलायची नाहीत एवढंच ठरलेलं होतं. कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, हेही विचारायचं नसतं. सात-आठ वर्षांच्या पोराला आपोआप समजतं की अमुक नाव आजीसमोर काढायचं नाही. आपल्याकडे घरातला भूतकाळ सांभाळला जातो. आणि सांभाळायचं काम कुणा एकाच्याच वाट्याला येतं, बहुतेक वेळा बाईच्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं मी का म्हणते ते सांगते.

माझ्या चुलत घरातली गोष्ट आहे. काकूला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिही की, पर गावाचं नाव नगं."

काका लालबागला गिरणीत होते. काकू गावी. दोन मुली, म्हातारी सासू, दीड एकर रान. आमच्याकडची घरटी माणसं तेव्हा गिरणगावात होती. खाणावळीत जेवायचं, एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, महिन्याला मनीऑर्डर करायची आणि यात्रेला गावी यायचं. अशा संसारात कुणाकुणाचं दुसरं घर तिकडे व्हायचं, तसं काकांचं झालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्या साली पावसाच्या तोंडाला काका गावी आले ते नऊ वर्षांच्या एका पोराचा हात धरून. "दोस्ताचं पोरगं हाय, आय गेली त्याची," एवढंच म्हणाले.

मी त्याच्याच वयाची, अंगणात खेळत होते. काकूनं पोराकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं नाही. आत गेली, तांब्या घेऊन आली, पोराच्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "कितवीला हाईस रं?" त्या पोराची जिवणी आणि काकांची जिवणी एक होती. वस्तीवरच्या प्रत्येकाला ती दिसली. कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढं रेशनकार्डावर त्याचं नाव चढलं.

हा प्रसंग तुमच्या पटकथेत आला तर काकूच्या हातून तांब्या पडेल आणि तिथं मध्यंतर होईल. खऱ्या काकूच्या हातून काही पडलं नाही. संप होता, मनीऑर्डर बंद झाली होती, आणि त्या संध्याकाळपासून ती दोन भाकऱ्या जास्त थापू लागली. पुढची चाळीस वर्षं थापल्या. माझ्या मते चित्रपट त्या चाळीस वर्षांत आहे. पोराला ताप आला तेव्हा रात्री कोण उठलं, शाळेच्या दाखल्यावर सही कुणी केली, लग्नात मांडवात आई म्हणून कोण बसली, आणि या प्रत्येक वेळी काकूच्या चेहऱ्यावर काय होतं. ते दाखवायला मोठी नटी लागेल. संवाद थोडेच लागतील.

खरं तर आपला सिनेमा सुरूच या विषयानं झाला. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थेटरात 'राजा हरिश्चंद्र' लावला. पुढे १९३२ साली प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला, मराठीतला पहिला बोलपट, आणि तीही हरिश्चंद्राचीच गोष्ट. मूकपटाचा आणि बोलपटाचा श्रीगणेशा एकाच कथेनं झाला. त्या कथेत राजानं शब्द दिला, आणि तो फेडायला बायको-मुलगा बाजारात उभे राहिले. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके यांनी ते काम केलं. प्रभातच्या वेळी दुर्गा खोटे होत्या. बाईचं काम करायला बाई आली, ही मोठी गोष्ट झाली. पण राजा शब्द देत होता तेव्हा तारामतीला कुणी विचारलं होतं का? १९५३ साली आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. त्यातही कर्ज वडिलांचं आहे, आणि सावकाराच्या माणसाचं लागट बोलणं आईला ऐकून घ्यावं लागतं. लहानपणी मला त्या प्रसंगात फक्त रडू यायचं. आता वाटतं, त्या माउलीच्या संमतीचा कागद कुठं आहे?

कागदावरून आठवलं. तुमच्या चित्रपटात बापाचं कर्ज फेडायला मुलगा घर विकतो, आणि कायदाच तसा आहे असं समजून सगळे वागतात. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. तिनं मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. बापाचं, आज्याचं, पणज्याचं कर्ज निव्वळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाकडून, नातवाकडून, पणतवाकडून वसूल करता येणार नाही. वारशानं जी मिळकत हाती आली तेवढ्यापुरतं देणं लागतं, त्यापलीकडे नाही. दुरुस्तीच्या आधीच्या कर्जांना जुना नियम राहिला, पुढच्यांना नाही. शेकडो वर्षं मानलेलं पितृऋण कायद्यानं एका पोटकलमात मिटवलं.

घरात ते मिटलेलं नाही. चित्रपटाची जागा इथं आहे असं मला वाटतं. एका घरची गोष्ट सांगते. म्हाताऱ्यानं बोअर मारायला हातउसने पैसे घेतले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. म्हातारा गेला. ज्यानं पैसे दिले तो माणूस तेराव्याला आला, पान वाढलं तरी जेवला नाही, पाणी पिऊन गेला. एवढंच. पुढची सहा वर्षं थोरल्या मुलानं ते पैसे फेडले. धाकट्यानं एक रुपया दिला नाही, आणि वाटणीत मात्र दोघांना समान रान आलं. थोरल्याची बायको माझ्यासमोर बसून वाटणीपत्र ऐकत होती. सगळं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आन् ते बोअरचं?" नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे." धाकटा खिडकीबाहेर बघत होता. कायद्यानं त्यात काही चूक नव्हती आणि त्या बाईला उत्तर मिळालं नाही.

मुलींच्या हक्काबद्दल तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण त्यात अख्खी पटकथा आहे. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्या तारखेच्या आधी झाली होती त्यांना वगळून. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीचं लग्न मे महिन्यात झालं, दुसरीचं दोन वर्षांनी. एकाच आईबापाच्या मुली, आणि पुढची अकरा वर्षं कायद्यानं एक हक्काची आणि एक बिनहक्काची. २००५ ला ते निस्तरलं. मग लोक म्हणू लागले, बाप २००५ च्या आधी गेला असेल तर मुलीला हा हक्क नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माचा आहे. एवढ्या तारखा पार करून बहीण शेवटी आमच्या कचेरीत येते ती बहुतेक वेळा हक्क सोडायलाच.

हक्कसोडीचा दिवस तुम्ही एकदा जवळून पाहावा अशी माझी विनंती आहे. भाऊ गाडी करून बहिणीला आणतो. ती काठाची साडी नेसलेली असते. दस्तात एक वाक्य ठरलेलं असतं, मी ते हजारदा लिहिलं असेल. 'सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला लिहून देत आहे.' आत साहेबांच्या टेबलापाशी कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो घेतात, मशिनवर अंगठा घेतात. साहेब विचारतात, "दस्त लिहून दिल्याचं कबूल आहे?" ती म्हणते, "कबूल." बाहेर आल्यावर बहुतेक जणी अंगठा पदराला पुसतात. अंगठ्याला काही लागलेलं नसतं, पूर्वी शाई असायची, आता नुसती काच. तरी पुसतात. मग सगळे मिळून हॉटेलात मिसळ खातात आणि भाऊ बहिणीला एसटीत बसवून देतो.

त्या बाईवर जबरदस्ती झाली असं मी म्हणत नाही. पुष्कळ जणी खरंच मनापासून सोडतात. दिवाळीला जायला एक घर राहावं, आईला बघणारं कुणी राहावं, म्हणून सोडतात. ते एक देणंच आहे, आणि त्याची परतफेड कुणी करायची हे कुठल्याही कागदावर नसतं. भाऊ वारला आणि वहिनीनं दार लावून घेतलं, अशा बायका नंतर मला विचारायला येतात, "ताई, त्यो कागद माघारी घेता येतो का?" नाही येत. कुणी केला असेल तर मला माहीत नाही, पण सही करून बाहेर आलेल्या बहिणीच्या पुढच्या पंचवीस वर्षांवरचा मराठी चित्रपट मी अजून पाहिलेला नाही.

आईची पाळीही तशीच. तीन भाऊ, चार-चार महिने. वाटणीत जसे गुंठे लावतात तशी आई लावतात. पाळी संपली की म्हातारीची पिशवी एका दारातून उचलून दुसऱ्या दारात. पिशवीत दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, देवाचा टाक. २००७ च्या कायद्यानुसार अशा आईला प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. मी अर्ज लिहून देते असं सांगितलं की म्हाताऱ्या नको म्हणतात. पोरावर अर्ज करायचा नसतो, हेही आधीच्या पिढीकडून आलेलं देणंच.

आणखी एक सांगायचंय, आणि ते सांगताना मला थोडं अवघड वाटतं, कारण ते माझ्या घरचं नाही. तुमच्या चित्रपटांत वारसा म्हटलं की वाडा असतो. बहुतेकांकडे वाडा नव्हता. आणि काहींकडे जो वारसा होता त्याचं नावच वतन. महार वतनात जमीन मिळायची ती कामाच्या बदल्यात. गावची वेठ, सरकारी निरोप, दवंडी, मेलेलं जनावर ओढणं, आणि हे काम बापानंतर मुलाला, मुलानंतर नातवाला चुकायचं नाही. वारसा आणि वेठ एकाच कागदावर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं. ती वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. अशा जमिनींच्या सातबाऱ्यावर अजूनही 'भोगवटादार वर्ग २' दिसतं आणि विकायची झाली तर परवानगी लागते. त्याच घरातला नातू शहरात भाड्यानं खोली बघायला जातो, आडनाव सांगितल्यावर खोली नाही म्हणतात, आणि एक दिवस तो आडनाव बदलायची राजपत्रातली जाहिरात भरून घ्यायला माझ्याकडे येतो. त्या मुलाचं दडवणं आणि वाड्यातल्या मालकाचं दडवणं एकाच शब्दात बसवू नका. एकाला पाप झाकायचं असतं, दुसऱ्याला जगायचं असतं. ही गोष्ट त्या घरातल्या कुणी लिहावी, आणि तिला पैसे घालणारं कुणी भेटावं.

आता काकूकडे परत येते.

काका २००३ ला गेले. वारस नोंदीला तलाठी भाऊसाहेब चावडीत बसले होते. भावकी गोळा झालेली. माझे वडील पंच. भाऊसाहेबांनी विचारलं, "वारस सांगा." काकू भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी. दोन लेकी. एक ल्योक." भावकीतलं कुणीतरी खोकललं. भाऊसाहेबांनी मान वर केली, "मुलाचं नाव?" काकूनं त्याचं नाव घेतलं, पुढं काकांचं नाव, पुढं आमचं आडनाव, सावकाश आणि अख्खं. एकवीस वर्षांत ते तीन शब्द सलग मोठ्यानं म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. वडिलांनी पंच म्हणून सही केली आणि चहा आला.

त्यात गौप्यस्फोट नव्हता. चावडीतल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. तरीही त्या घटकेला जे झालं त्याच्या तोडीचा प्रसंग मी पडद्यावर पाहिलेला नाही, आणि मला तो पाहायचा आहे.

इथं सगळं गोड झालं असं समजू नका. थोरल्या चुलत बहिणीचं लग्न १९८८ चं. २०२० च्या निकालानंतर तिनं वाटणी मागितली. तिच्या घरी अडचण होती, मुलाचं शिक्षण होतं, आणि मागितलं ते तिच्या हक्काचं होतं. पण मागताना ती एक वाक्य बोलून गेली, जे मी इथं लिहिणार नाही. जे चाळीस वर्षं कुणी बोललं नव्हतं ते ती बोलली. भाऊ, मी त्याला भाऊच म्हणते, उठून गोठ्यात गेला. काकूनं जेवण सोडलं. दोन महिने कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी त्यानंच निरोप पाठवला, "ताईला काय पायजे ते द्या. आयला मात्र हितंच ऱ्हाऊ द्या." २०२१ ला मी वाटणीपत्र लिहिलं. त्याच्या नावापुढे 'कै. अमुक यांचा मुलगा' असं लिहिलं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. आईचं नाव लिहायची पद्धत आमच्या दस्तात नव्हती, म्हणून निभावलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा राज्याचा नियम झाला आहे. तो मला मनापासून पटतो. पण भावाच्या कागदावर तो रकाना असता तर मी काय भरलं असतं? त्याला जन्म देणारीचं नाव आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मी तरी तसं समजत होते.

थोरली आता यात्रेला येते. उंबऱ्याच्या आत येऊन बसते, भावाच्या मुलीच्या हातावर पैसे ठेवते. ते वाक्य कुणी विसरलेलं नाही. तुमच्या चित्रपटात अशा दोघांना शेवटी मिठी मारायला लावतात. मिठीनंतरच्या सोमवारी काय होतं ते दाखवा, एवढं तरी करा. माफी मागायला आणि द्यायला आपल्याकडे शब्दच फार थोडे आहेत. पोराच्या हातावर ठेवलेली नोट, न विचारता पाठवलेलं पोतंभर शेंगांचं वाण, लग्नपत्रिकेत छापलेलं एक नाव, अशा गोष्टींतून ते चालतं. प्रेक्षकाला ते कळतं, तुम्ही विश्वास ठेवा. संवाद लिहून समजावू नका.

एक राहिलं. आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात अहेव नवमी करतात, घरातल्या सवाष्णपणी गेलेल्या बाईसाठी. काकू दर साली करते. एका सवाष्णीला जेवायला घालते, ओटी भरते. त्या घरात सवाष्ण गेलेली बाई आमच्या आठवणीत कुणी नाही. लहानपणी विचारलं की म्हणायची, "घरातलीच हाय एक." आम्हाला वाटायचं, असेल कुणी आजेसासू.

गेल्या महिन्यात काकू कचेरीत आली. एकटीच, एसटीनं, काखेत पिशवी. तिला मृत्युपत्र करायचं होतं. वाटणीत तिच्या नावावर आलेलं रान तिच्यामागं तिघांना सारखं जावं म्हणून. तिनं न लिहिता गेली तर कायद्यानं ते दोन मुलींना जाईल, भावाला नाही, कारण ती त्याची कागदावर कुणीच नाही. हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, किंवा तिनंच विचारून घेतलं होतं. मी लिहायला घेतलं. मुलींची नावं झाली. भावाच्या नावाशी आले तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"त्याच्या फुडं त्याच्या आयचं नाव घाल."

मला वाटलं, ती स्वतःचं नाव म्हणतेय. मी तिचं नाव लिहायला लागले. ती म्हणाली, "माजं न्हवं," आणि एक नाव सांगितलं. बाईचं नाव, आणि पुढं काकांचं नाव आणि आमचं आडनाव.

मी विचारलं, "तुला माहीत होतं, काकू?"

"दर नवमीला वटी कुणाची भरत हुते?"

मी नाव टाइप केलं. काकूला वाचता येत नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये का?" मी बोट धरून अर्धी ओळ पुढे सरकवलं. म्हटलं, "हे."

आपली,
एक दस्तलेखनिक